खिशातले शेंगदाणे

ज्या घरात मधुमेहाचा रुग्ण असतो, त्या घरात बहुधा एक फौजदारही असतो. त्याची नेमणूक कोणी केलेली नसते. ती त्याने स्वतःच करून घेतलेली असते. रुग्णाच्या बशीत काय आहे, चहात काय पडले, परक्या घरी गेल्यावर हात कोणत्या ताटलीकडे वळला, या सगळ्यावर त्याची करडी नजर असते, आणि या नजरेला तो माया म्हणतो. माया असतेही. अडचण तीच आहे.

या घरातल्या फौजदार होत्या मोठ्या बाई. बत्तीस वर्षे त्यांनी पाळणाघर चालवले होते. त्या भागातल्या निम्म्या कर्त्यासवरत्या माणसांची नाके त्यांनी पुसली होती, आणि ही गोष्ट त्या कोणालाही विसरू देत नसत. पाळणाघरात त्यांचे दोन नियम होते. पहिला, मुलांना जे द्यायचे ते मऊ, गाळलेले, साल-बी-कोंडा काढून टाकलेले असले पाहिजे. "माझ्या हातचं खाऊन एकाही पोराचं पोट दुखलेलं नाही," असे त्या छातीवर हात ठेवून सांगत, आणि ते खरे होते. दुसरा नियम, काही हरवले की सगळ्यांनी रांगेत उभे राहायचे आणि खिसे उलटे करून दाखवायचे.

पाळणाघर बंद झाले. नियम मात्र बाईंबरोबर घरी आले.

त्यांचे यजमान घड्याळे दुरुस्त करीत. राहत्या इमारतीच्या जिन्याखाली त्यांचे चिंचोळे दुकान होते: एक मेज, एक दिवा, डोळ्याला लावायचे भिंग आणि तीन भिंतींवर तीन वेगळ्या वेळा सांगणारी घड्याळे. सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. मधुमेह निघाला त्याच दिवशी बाईंनी घरातून गोड हद्दपार केले. पाहुण्यांपुरता साखरेचा एक डबा राहिला, तो कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागले आणि किल्ली बाईंच्या गळ्यात आली. डब्यावर साखरेच्या पातळीपाशी त्या पेन्सिलीने रेघ ओढून ठेवीत. पुढे घड्याळजींच्या चार दाढा पडल्या. बाईंनी त्यांचे सगळे जेवण पाळणाघराच्या पद्धतीवर नेले. दात बसवून घेऊ का, असे घड्याळजींनी एकदा विचारले होते. "कशाला? मी आहे ना मऊ करून द्यायला!" असे उत्तर मिळाले.

आणि तरीही साखर चढत होती. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा साडेसातवरून नऊच्या पलीकडे गेला.

"गोड बंद आहे ना?" डॉक्टरांनी विचारले.

"आमच्या घरात मुंगीसुद्धा फिरकत नाही!" बाई ताठ बसून म्हणाल्या, आणि त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात निकाल लागून गेला होता.

घरी येऊन त्यांनी डबा काढला. साखर रेघेला रेघ होती. तसूभर कमी झालेली नव्हती. न्यायबुद्धीच्या माणसाने तिथेच आरोपीला सोडले असते. बाईंनी वेगळाच अर्थ काढला. "म्हणजे बाहेर खाताहात!"

"नाही गं," घड्याळजी म्हणाले.

"मग आकडा काय वाऱ्याने वाढला?"

घड्याळजींनी आणखी दोनदा नाही म्हणून पाहिले. बाईंनी ऐकले नाही, तेव्हा त्यांनी म्हणणेच सोडून दिले.

पुढच्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्ताचे बारीक डाग असल्याचे सांगितले. साखर आवरली नाही तर नजर जाईल, असे ते स्पष्टच बोलले. घड्याळजींनी एकच प्रश्न विचारला. "भिंग लावून काम करता येईल ना?" डॉक्टर म्हणाले, "आज येतंय ना? ते टिकवायचं आहे."

त्या रात्री बाईंना झोप लागली नाही. भीती ही गोष्ट अशी आहे, की ती कणखर माणसाच्या अंगात शिरली की डोळ्यांतून न येता जिभेवाटे बाहेर पडते. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास त्या जिना उतरून दुकानात शिरल्या. शाळेचा शिपाई शाळेचे भिंतीवरचे मोठे घड्याळ पोटाशी धरून उभा होता. घड्याळजी काहीतरी चावत होते.

"खिसे दाखवा," बाई म्हणाल्या.

घड्याळजींनी डोळ्याचे भिंग काढले. "अगं, गिऱ्हाईक आहे."

"असू दे. डोळे कशाने जातात ते त्यालाही कळू दे. खिसे!"

एकोणसत्तर वर्षांचा तो माणूस उभा राहिला आणि त्याने खिसे उलटे केले. उजव्या खिशातून रुमाल निघाला आणि एक छोटा पेचकस. डाव्या खिशातून कागदाची पुडी निघाली. बाईंनी ती उलगडली. आत भाजलेले शेंगदाणे होते.

"काका, मुद्देमालासकट सापडलात की!" शिपाई खो खो हसला.

"अकरा वाजले की पोटात खड्डा पडतो गं," घड्याळजी हळू आवाजात म्हणाले. "हात कापायला लागतो. कापऱ्या हाताने एवढाले स्क्रू कसे बसवायचे? म्हणून चार दाणे..."

"न्याहारी मी देते ना पोटभर? आज शेंगदाणे सापडले. काल काय होतं? केक? परवा?"

"साखर नाही खाल्ली मी."

"खोटं बोललं की शिक्षा दुप्पट!"

हे वाक्य पाळणाघरातले होते. ते तोंडातून कसे निघाले ते बाईंनाही कळले नाही. शिपायाचे हसू थांबले. घड्याळजींनी उलटे खिसे सावकाश आत घातले. "बरं," ते म्हणाले. "खाल्ली. रोज खातो. झालं समाधान?"

बाईंनी पुडी बाहेरच्या गटारात रिकामी केली. कबुली मिळाली होती. समाधान मात्र झाले नव्हते. आणि त्या दिवसापासून घड्याळजी घरात बोलेनासे झाले. रागाने धुसफुसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. विचारले तर मान हलवीत, वाढले तर खात, इतकेच.

बाई ती कबुली घेऊन दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ मुलीकडे गेल्या. ही मुलगीही पाळणाघरातलीच. दिवसभर भोकाड पसरायची म्हणून बाईंनी तिचे नाव रडूबाई ठेवले होते, आणि तिच्या दारावर पदव्यांची पाटी लागली तरी बाईंच्या लेखी ती रडूबाईच होती.

"त्यांना जरा दरडाव," बाईंनी हुकूम केला. "चोरून खातात. कबूल केलंय."

"दरडावते की. पण बाई, आधी सांगा, घरी काय काय खातात?"

हा तर बाईंचा अभिमानाचा विषय! "सकाळी पांढरा पाव, कडा काढून, गरम दुधात भिजवलेला. सोबत पेलाभर फळांचा रस, दोनदा गाळलेला. दुपारी भात, अगदी मऊ शिजवून घोटलेला. मधल्या वेळी साखर नसलेली बिस्किटं. डब्यावर तसं छापलेलंच आहे. रात्री बटाटा उकडून, कुस्करून. कणभर साखर नाही कशात!"

"कडधान्यं? भाज्या?"

"दाण्याची सालं दाताला लागतात. भाजीचं पाणी देते गाळून."

रडूबाईने लेखणी खाली ठेवली. "बाई, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"रागवायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवीन."

"हे जेवण दात न आलेल्या बाळासाठी छान आहे. काकांची साखर ह्यानेच चढत असावी."

"काय म्हणालीस?" बाई उभ्याच राहिल्या. "गोड कुठे आहे ह्यात? जिभेवर ठेवून बघ!"

"साखर जिभेवर नाही मोजत, बाई. रक्तात मोजतात." मुलगी मागे सरली नाही. "माझं ऐकू नका. घरी यंत्र आहे ना? न्याहारीआधी मोजा आणि दोन तासांनी मोजा. एक दिवस तुमची न्याहारी, एक दिवस मी लिहून देते ती. त्या वेळात काकांना नजरेआड होऊ देऊ नका, म्हणजे चोरीचा प्रश्नच नको."

बाईंनी आव्हान घेतले. पहिल्या दिवशी दुकान बंद ठेवून त्यांनी नवऱ्याला समोरच्या खुर्चीत बसवले. त्यांचे हात स्वतः धुतले. बोटाला सुई टोचली: एकशे बत्तीस. भिजवलेला पाव आणि गाळलेला रस दिला. दोन तास घड्याळजी जेवणाच्या मेजावर एक गजराचे घड्याळ उघडून बसले होते आणि बाई त्यांच्यासमोर हाताची घडी घालून बसल्या होत्या. मग पुन्हा सुई टोचली. दोनशे अडुसष्ट!

"यंत्र बिघडलंय," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी दुसऱ्या बोटाला सुई टोचली. दोनशे चौसष्ट.

दुसऱ्या दिवशी रडूबाईची न्याहारी झाली: अख्ख्या गव्हाच्या जाडसर पिठाच्या पावाचा एक तुकडा, उकडलेले अंडे, मऊ शिजवलेला पण न घोटलेला वाटीभर घेवडा आणि सालासकट बारीक चिरलेले अर्धे सफरचंद. आधी एकशे छत्तीस. दोन तासांनी एकशे एकाहत्तर. अकरा वाजून गेले तरी घड्याळजींच्या पोटात खड्डा पडला नाही, आणि हात कापला नाही.

शहाण्या माणसाला एवढे पुरले असते. बाईंनी तिसऱ्या दिवशी पुन्हा स्वतःची न्याहारी वाढली. कदाचित पहिल्या दिवशी काही चुकले असेल, असे त्यांनी मनाला सांगितले. खरे तर त्यांना जिंकायचे होते. समोर ठेवलेल्या भिजलेल्या पावाकडे घड्याळजींनी पाहिले, मग बाईंकडे पाहिले, आणि निमूटपणे चमचा उचलला. दोनशे एकोणसाठ. घडलेल्या सगळ्या गोष्टींत हा तिसरा दिवस बाईंना आजही सर्वांत जास्त खुपतो. दुसऱ्या दिवसापर्यंत ते अज्ञान होते. तिसऱ्या दिवशी मात्र तो निव्वळ हट्ट होता, आणि त्याची सुई दुसऱ्याच्या बोटाला टोचली होती.

आकड्यांचा कागद घेऊन दोघे रडूबाईसमोर बसले. या वेळी बाईंचा आवाज खाली होता. "भातात, पावात साखर असते का गं?"

"असते म्हणण्यापेक्षा होते, बाई. पिठूळ पदार्थाची पोटात साखरच होते. ती किती झपाट्याने रक्तात उतरते, ते दाखवणारं एक माप आहे. ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात त्याला. ग्लुकोजला शंभर धरायचं आणि बाकीच्यांची त्याच्याशी तुलना करायची. पांढरा पाव, कुस्करलेला बटाटा, घोटलेला भात हे सत्तरच्या पुढे जातात. डाळी-कडधान्यं तिशीच्या आसपास. दाणा अख्खा असला, साल, कोंडा असला की पोटाला तो फोडायला वेळ लागतो. तुम्ही चाळलंत, गाळलंत, घोटलंत. निम्मं पचन स्वयंपाकघरातच उरकून टाकलंत!"

"आणि ती साखर नसलेली बिस्किटं?"

"साखर नाही, पण मैदा आहे ना. डब्यावर काय नाही ते मोठ्या अक्षरांत छापतात. काय आहे ते वाचायला काकांचं भिंग लागतं."

तेव्हा घड्याळजी बोलले. नऊ दिवसांत पहिल्यांदा, न विचारता.

"स्प्रिंग," ते म्हणाले.

दोघींनी त्यांच्याकडे पाहिले.

"चावी दिली की स्प्रिंगमध्ये जोर साठतो. एक दातेरी चाक तो अडवून अडवून, एकेका टिकटिकीला थोडाथोडा सोडतं. ते चाक काढलं तर दिवसभराची चावी भर्रकन सुटते. काटे गरगरतात, आतलं सगळं झिजतं. जोर तेवढाच असतो. सुटायचा वेग बदलतो."

"काका, हे मी आता सगळ्यांना सांगणार!" रडूबाई म्हणाली. "आणि भर्रकन चढलेली साखर काही जणांची भर्रकन उतरते, मग अकरा वाजता पोटात खड्डा. हात कापत होता हे डॉक्टरांनाही सांगा, गोळ्या त्यांना बघू द्या. आपल्या मनाने कमीजास्त करू नका. पदार्थाचा आकडा कमी म्हणून परातभर खायचं नाही, प्रमाण हवंच. आणि दात बसवून घ्या आधी!"

"कोंडा म्हणजे ते दातेरी चाक," बाई पुटपुटल्या. "मी ते चाळून फेकत होते." मग त्यांनी विचारले, "आणि शेंगदाणे?"

"विशीच्याही खाली. मूठभर खायला काहीच हरकत नाही. का हो, बाई?"

गटारात पडलेले दाणे बाईंना एकेक करून दिसत होते. अख्ख्या दिवसात त्या माणसाच्या पोटात जाणारा एकच चांगला घास त्यांनी हिसकावून घेतला होता, आणि तोही चारचौघांत!

घरी आल्यावर त्यांनी विचारले, "खाल्ली नव्हती, तर कबूल का झालात?"

घड्याळजी खुंटीला कोट अडकवत होते. "तुझ्या पाळणाघरातली मुलं कबूल का व्हायची गं?"

त्यांनी हे चिडून विचारले असते तर बाईंनी परतवून लावले असते. त्यांनी साधेपणाने विचारले. बाईंना पिवळ्या फ्रॉकमधली एक चार वर्षांची मुलगी आठवली. रबरी चेंडू हरवला होता. खिसे रिकामे निघूनही अर्ध्या तासाच्या दरडावणीनंतर ती हो म्हणाली होती. आठवड्याने चेंडू कपाटामागे सापडला. बाईंनी तो मुकाट्याने टोपलीत टाकला होता. मुलीला काहीच सांगितले नव्हते. आता ती कुठे असेल, हेही त्यांना ठाऊक नव्हते. बत्तीस वर्षांच्या शिस्तीतले किती "हो" खरे होते?

"तुम्ही मला निदान ओरडायचं तरी," त्या म्हणाल्या.

"तू घाबरली होतीस. घाबरलेल्या माणसावर काय ओरडायचं?"

या उत्तराने त्यांना अधिकच लाज वाटली.

चार दिवसांनी शिपाई शाळेचे घड्याळ न्यायला आला, तेव्हा बाई जिना उतरून खाली आल्या. चारचौघांत केलेल्या अपमानाची भरपाई बंद दाराआड होत नाही, एवढे त्यांना कळत होते.

"त्या दिवशी तू हसलास ना?" त्यांनी शिपायाला दरडावले, माफी मागतानाही त्यांचा आवाज हुकमीच होता. "मग आज उभा राहा आणि ऐक. ह्यांनी साखर चोरली नव्हती. मीच चारत होते, मऊ करून, गाळून, रोज तीनदा! चोर म्हणून ह्यांना उभं केलं. ती जागा माझी होती." त्यांनी गळ्यातली कपाटाची किल्ली काढून मेजावर ठेवली, आणि शेजारी कागदाची एक पुडी. "माझं चुकलं हो."

शिपाई घड्याळ पोटाशी धरून अवघडून उभा होता. घड्याळजींनी पुडी उघडून पाहिली.

"ऐकलंस ना बाबा? खिसे न तपासता दिलेली कबुली आहे ही. आमच्या घरातली पहिलीच!" मग बाईंकडे वळून ते म्हणाले, "मूठभरच आणलेस ना?"

"तुमच्या मुठीने मोजलेत."

त्यांनी दोन दाणे शिपायाला दिले, दोन बाईंपुढे धरले. बाईंनी ते तिथेच उभ्याने चावून खाल्ले.

या गोष्टीला आता वर्ष होईल. घड्याळजींना दात बसले. घरात अख्ख्या गव्हाचा पाव येतो, घेवडा, मसूर शिजतो, फळ फळाच्या रूपातच पोटात जाते, आणि भात असला तर थोडा, मोकळा, भाजी-डाळीच्या सोबतीने. सरासरीचा आकडा सातवर आला आहे. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, डाग वाढलेले नाहीत. गेलेलेही नाहीत. अगदी लहान मनगटी घड्याळे घड्याळजी आता परत पाठवतात. "डोळा पुरत नाही हो," असे ते गिऱ्हाईकाला हसत सांगतात, आणि जिन्यावर उभ्या असलेल्या बाई दरवेळी ते ऐकतात.

परवा दवाखान्यात त्यांच्या शेजारी एक जोडपे बसले होते. नवरा मान खाली घालून होता. बायको सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती, "चोरून खातात हो! काल पिशवी तपासली मी ह्यांची."

"काय सापडलं?" बाईंनी विचारले.

"काल नाही सापडलं. पण आकडा काय उगाच वाढतो?"

आपलेच वाक्य बाईंनी परक्या तोंडून ऐकले. क्षणभर त्यांना उठून जावेसे वाटले. मग त्या ताठ बसल्या.

"इकडे बघा बाई. मी तुमच्याहून वयाने मोठी आहे, म्हणून सांगते, आणि माझ्या हातून हे घडलंय, म्हणून सांगते. पदार्थ गोड आहे की नाही एवढंच विचारून भागत नाही. त्याची साखर किती वेगाने होते, तेही विचारावं लागतं. ते ठाऊक असलेली मुलगी त्या दाराआड बसलीय. आणि आजारी माणूस गुन्हेगार नसतो. खिशात हात घालण्याआधी आपणच वाढलेल्या ताटात डोळे घालून बघा!"

त्या बायकोच्या नवऱ्याने मान वर करून बाईंकडे पाहिले.

त्या नजरेत आभार होते. ते घेण्याचा आपल्याला अधिकार नाही असे वाटून बाईंनी मान वळवली, पर्समधून कागदाची पुडी काढली आणि शेजारी बसलेल्या घड्याळजींच्या हातात दिली. अकरा वाजले होते.